चाकामागची नावं

(महिला चालकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या नावापुढे ‘सस्पेन्शन आणि स्टेअरिंग’ असा विषय पाहून काहीजणींना हसू आलं. समाजकार्य शिकलेल्या बाईने कायदा, आरोग्य, बचत गट यांवर बोलावं अशी आपली सवय. पण गाडी चालवून घर चालवणाऱ्या बायकांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. १९८८ मध्ये शीला डावरे यांनी पुण्यात रिक्षा चालवायला घेतली, त्याला आता साडेतीन दशकं उलटली. चाक आपल्या हातात आलं. चाकाच्या मागे काय आहे, हे मात्र अजून दुसऱ्यांच्याच ताब्यात आहे. गॅरेजात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, साहेब नाही आले?”

आमच्या गटातल्या एका ताईंची जुनी मारुती ८०० खड्ड्यातून जाताना पुढून खटखट वाजत होती. गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, “पुढचं सगळं सस्पेन्शन गेलंय.” ताईंची दोन महिन्यांची कमाई जाईल एवढा खर्च त्याने सांगितला. ताईंनी एवढंच विचारलं, “सगळं म्हणजे काय काय? आणि कुठल्या बाजूचं?” मग गाडी जॅकवर चढली. एका बाजूच्या लोअर आर्मचा बुश फाटलेला निघाला. बाकी सगळं शाबूत होतं. एका प्रश्नाने हे घडलं, आणि तो प्रश्न विचारायला नावं माहीत असावी लागतात. ‘सगळं’ या शब्दाशी भांडता येत नाही, ‘लोअर आर्मचा बुश’ या शब्दांशी येतं.

म्हणून आज आपण मारुती ८०० च्याच पुढच्या चाकामागे डोकावू. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली, २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. पंचवीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. शिकाऊ गाडी म्हणून, संस्थांच्या दारात, छोट्या धंद्यांत ती अजून दिसते. तिची रचना साधी आहे. ती एकदा ओळखू आली की इतर बऱ्याच लहान गाड्यांची ओळख सोपी जाते.

आधी बाजू ठरवून घेऊ. डावं-उजवं चालकाच्या जागेवर बसून धरायचं. गॅरेजात त्याला ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड म्हणतात. समोर उभं राहून डावं-उजवं म्हटलं, की भलत्याच बाजूचा भाग बदलला जातो.

चाक काढलं की उभा, जाड नळीसारखा भाग दिसतो, त्याच्याभोवती स्प्रिंग असते. हा स्ट्रट. आपल्याकडे याला सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याची ही पद्धत. स्ट्रटचं वरचं टोक बॉनेट उघडल्यावर दोन्ही कडांना गोल उंचवट्यावर नटांनी बसवलेलं दिसेल. नळीवर तेल ओघळलेलं असेल, तर शॉकअप गळतो आहे. गाडीचा तो कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, डोलतच राहिला तर शॉकअपचं काम संपत आलं. नुसती धूळ बसलेला, कोरडा शॉकअप बदलायला सांगितलं, तर कारण विचारा.

स्ट्रट खाली ज्या जड लोखंडी तुकड्याला जोडलेला असतो, तो नकल. चाक याच्यावरच फिरतं. नकलच्या खालून गाडीच्या मध्याकडे आडवा जाणारा हात म्हणजे लोअर आर्म. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश असतो आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. आपल्या खांद्यात जशी खोबण आणि गोळा असतो, तसाच हा सांधा सगळीकडे वळतो. दोन्ही बाजूंच्या लोअर आर्मना जोडणारा वाकवलेला लांब गज म्हणजे स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगावर कलू नये म्हणून तो असतो. या गाडीत लोअर आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचं कामही तोच करतो. म्हणून त्याच्या टोकाचे रबरी बुश झिजले, की ब्रेक मारताना गाडी ओढली जाऊ शकते.

आता स्टेअरिंग. गाडीत आडवी बसवलेली लांब नळी म्हणजे स्टेअरिंग रॅक. तिच्या दोन्ही टोकांना घड्या पडलेले रबरी बूट असतात. त्यातून बाहेर येऊन नकलकडे जाणारी सळई म्हणजे टाय रॉड, आणि तिच्या टोकाचा छोटा सांधा म्हणजे टाय रॉड एंड. लोअर आर्म आणि टाय रॉड दोन्ही आडवे, दोन्ही नकलकडे जाणारे, त्यामुळे नव्या बाईचा गोंधळ होतो. खूण सोपी आहे. एकीने स्टेअरिंग थोडं फिरवावं आणि दुसरीने बाजूला उभं राहून पाहावं. डावी-उजवीकडे सरकतो तो टाय रॉड. लोअर आर्म सरकत नाही.

तिसरा आडवा भाग गिअरबॉक्समधून थेट चाकाच्या मध्यात शिरतो. तो ड्राइव्ह शाफ्ट. चाक फिरवणं हे त्याचं काम. त्याचा रबरी बूट फाटला, तर आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना ‘कट-कट-कट’ असा आवाज आला, तर संशय ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर घ्यायचा, सस्पेन्शनवर नाही.

तपासणीच्या आधी हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. जॅकनंतर लोखंडी स्टँड लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जायचं नाही. उचललेलं चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला, तर दुसरीला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंगचा संशय, राहिला तर बॉल जॉइंटचा. मग चाक दोन्ही कडांना धरून हलवा. तिथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक पाहायला हवा.

यात पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे. शॉकअप थकला तर गाडी हादरते. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड निखळला, तर चालत्या गाडीचं चाक हुकमाबाहेर जातं. त्यामुळे नको तो खर्च नाकारणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच हवा तो खर्च त्याच दिवशी करणंही. “पुढच्या महिन्यात बघू” हे बुशाच्या आवाजाबद्दल एखादे वेळी म्हणता येईल, ढिल्या बॉल जॉइंटबद्दल कधीच नाही. हा फरक नावाशिवाय कळत नाही.

आता मागण्या. पहिली, भागाचं नाव आणि बाजू तोंडी नको, कागदावर हवी. दुसरी, काढलेला जुना भाग आपल्या हातात हवा. तिसरी, बिल हवं. सेवा देऊन बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि टाय रॉड एंड किंवा स्ट्रट बदलला, तर व्हील अलाइनमेंट झालंच पाहिजे. नाहीतर नवे टायर एका कडेने झिजून जातील.

हे मिस्त्रींच्या विरोधात नाही. त्यांच्यातले कितीतरीजण पोरवयात शाळा सोडून, पाने पुसत पुसत हे शिकले. त्यांची विद्या कुठल्या पुस्तकात मांडली गेली नाही, तिला मानही मिळाला नाही. चांगल्या मिस्त्रीला नाव घेऊन विचारणारी बाई आवडते, हा माझा अनुभव आहे. तो स्वतः खाली वाकून दाखवतो, “ताई, इथं बघा.” आपलं भांडण आहे ते ‘बायकांना यातलं काय कळतं’ या समजुतीशी. आणि ती समजूत आपल्याही मनात घर करून आहे. आपणच म्हणतो, “मला नको बाई ते तेलकट.”

म्हणून एक काम सुचवते. प्रत्येक गटाने एका रविवारी एक जुनी गाडी आणि एक मोकळ्या मनाचा मिस्त्री गाठावा. त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. चाक काढून प्रत्येक भागावर खडूने नाव लिहावं, मग पुसून दुसरीने लिहावं. शेवटच्या बाईला सगळी नावं येईपर्यंत चाक पुन्हा बसवायचं नाही.

आजही बाहेर गाडी उभी आहे. साडी खोचा, ओढणी बांधा आणि चला.