पुठ्ठ्याचा रोबोट आणि मालेगावचा सुपरमॅन

नाशिकमध्ये मस्त थंडी पडलीय, शरणपूर रोडला नाताळच्या चांदण्या लागल्यात. म्हणून आज नाताळच्या एका सिनेमाबद्दल बोलू. आणि थोडं माझ्या एका अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल.

परवा माझा सात वर्षांचा भाचा घरी आला होता. त्याला मी 'सांताक्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स' लावून दिला. १९६४चा अमेरिकन सिनेमा. सगळ्यात वाईट सिनेमांच्या याद्यांमध्ये याचं नाव हमखास असतं. गोष्ट अशी, की मंगळावरची पोरं सतत पृथ्वीवरचा टीव्ही बघत बसतात आणि हसणं विसरतात. ओळखीचं वाटतंय ना? मग ८०० वर्षांचा एक म्हातारा सांगतो, पोरांना पोरांसारखं राहू द्या, त्यांना सांता पाहिजे. झालं! मंगळवाले पृथ्वीवर येऊन सांतालाच पळवतात.

पैसे कमी, म्हणून शूटिंग लाँग आयलंडवरच्या विमानांच्या जुन्या हँगरमध्ये. मंगळवासी म्हणजे तोंडाला हिरवा रंग आणि डोक्यावर नळ्या लावलेलं हेल्मेट. अस्वलाच्या आत माणूस आहे हे लगेच कळतं. टॉर्ग नावाचा रोबोट तर खोकी चिकटवून बनवल्यासारखा दिसतो. मी खो खो हसत होतो. भाचा मात्र उशी घट्ट धरून बसलेला. म्हणाला, "मामा, गप ना! तो सांताला पकडेल."

मी गप्प झालो. कारण असं हसणं मी स्वतः ऐकलंय.

बीटेकच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी मुलांसाठी एक फिल्म सुरू केली होती. गंगापूर धरणाच्या काठावर परग्रहावरचं यान उतरतं, अशी गोष्ट. यान थर्माकोलचं. सहा मिनिटं तयार झाली, गॅदरिंगला दाखवली. यान डुगडुगलं आणि सगळा हॉल हसला. त्यानंतर ती फाईल मी उघडलीच नाही. "बजेट आलं की करू," असं म्हणत राहिलो.

आता आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो. नाशिकहून शंभरेक किलोमीटरवर मालेगाव, यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. पुढे थेट सुपरमॅन! सुपरमॅन झाले यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख, अंगाने अगदी किरकोळ. क्रेन नाही, तर बैलगाडी वापरली. ट्रॉली नाही, तर सायकल. आणि उडण्यासाठी मागे हिरवं कापड.

हिरवंच का? तर माणसाच्या कातडीत तो रंग जवळजवळ नसतो. कॉम्प्युटर फ्रेममधला प्रत्येक हिरवा ठिपका शोधतो आणि तिथे आकाश भरतो. मोठ्या स्टुडिओतही मूळ युक्ती हीच, फक्त कापड महागाचं.

ही सगळी धडपड फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८च्या माहितीपटात आहे. बघताना हसू येतंच. पण ती माणसंही आपल्यासोबत हसत असतात, आणि हसता हसता पुढचा शॉट लावत असतात. आम्ही तिथेच थांबलो होतो. शफीक यांना तोंडाचा कॅन्सर होता, २०११ साली ते गेले. अंगाने किरकोळ, तरी ते कॅमेऱ्यासमोर उडत होते. हे आठवलं की माझं "बजेट नाही" फार पोकळ वाटतं.

त्या रात्री जुनी हार्डडिस्क शोधली आणि भाच्याला आमची सहा मिनिटं दाखवली. यान डुगडुगलं. तो हसला नाही. संपल्यावर विचारलं, "मामा, पुढे काय झालं?"

पुढे काही नव्हतंच, मंडळी. काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी चौघांच्या जुन्या ग्रुपवर मेसेज टाकला. एकाचा अंगठा आला, एकाने "वेडा झालास का?" विचारलं, तिसऱ्याने अजून बघितलेलं नाही. येत्या रविवारी मी आणि भाचा धरणावर जातोय. मोबाईल आहे, आईची जुनी हिरवी साडी आहे, थर्माकोल दुकानातून आणायचाय.

तुमच्याकडेही अशी एखादी बंद फाईल असेल तर कळवा. आणि हो, डुगडुगणारं यान दिसलं तर खुशाल हसा. चला, भेटूया पुढच्या भागात!