अपुऱ्या नोंदींतून भूजलाचा ताळेबंद
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



भूजल उपशाची टक्केवारी आपण परीक्षेसाठी पाठ करता. 2024 च्या राष्ट्रीय मूल्यांकनानुसार ती देशासाठी सुमारे 60, तर पंजाबसाठी 156 हून अधिक आहे. 70 पर्यंत सुरक्षित, 90 पर्यंत अंशतः शोषित, 100 पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित, ही वर्गवारीही आपणांस ठाऊक असेल. मात्र या अपूर्णांकाचा अंश, म्हणजे उपसा, बहुतांशी मोजलेला नसून अनुमानित असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही.

प्रथम छेद पाहू. पावसाळ्यात विहिरींची पातळी किती चढली, त्याला क्षेत्रफळाने आणि ‘विशिष्ट उपज’ या गुणांकाने गुणले की साठ्यातील वाढ मिळते. संपृक्त थरातून गुरुत्वाकर्षणाने निथळू शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण म्हणजे विशिष्ट उपज. समजा, 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी 4 मीटर चढली. गुणांक 12 टक्के धरल्यास 4.8 कोटी घनमीटर आणि 16 टक्के धरल्यास 6.4 कोटी घनमीटर पाणी येते. वालुकामय गाळासाठी हे दोन्ही गुणांक ग्राह्य आहेत; तरीही उत्तर एक-तृतीयांशाने वाढते.

पंजाबात आणखी एक अडचण आहे. तेथे भाताचे सिंचन ऐन पावसाळ्यात चालते. पाणी मुरत असतानाच उपसले जाते व पातळीतील चढ झाकला जातो. म्हणून पुनर्भरण काढताना त्या हंगामातील उपसा साठ्यातील वाढीत मिळवावा लागतो. अर्थात, अंशातील चूक छेदातही शिरते.

मग उपसा ठरवावा कसा? कूपनलिकांची संख्या आणि प्रत्येकीचा सरासरी उपसा यांचा गुणाकार ही रूढ रीत. दुसरी, पिकांच्या एकूण गरजेतून पाऊस व कालव्याचे पाणी वजा करण्याची. तिसरी, विजेच्या वापरावरून. पंपाची कार्यक्षमता 40 टक्के धरल्यास एक युनिट वीज 15 मीटरवरून सुमारे 10 घनमीटर, तर 30 मीटरवरून सुमारे 5 घनमीटर पाणी उचलते. पातळी खालावत असता विजेचा तोच आकडा निम्मे पाणी दर्शवितो, हे विसरता कामा नये.

या तिन्ही उत्तरांत तफावत पडतेच. तेथे प्रतिमानाची खरी उपयुक्तता दिसते: वर्षानुवर्षांच्या घसरणीतून निघणारी साठ्याची तूट आणि उपसा-पुनर्भरणातील फरक जुळलाच पाहिजे. जी गृहीतके ही अट पाळत नाहीत, ती बाद करावीत. उरलेल्यांतून एक आकडा नव्हे, तर एक पल्ला मिळतो. माझ्या मते विरळ नोंदींवर शेकडो चौकटींचे गुंतागुंतीचे प्रतिमान उभारण्यापेक्षा हा पल्ला धोरणकर्त्यास अधिक उपयोगी आहे. उपग्रहांचाही आधार घेता येतो. ‘ग्रेस’ उपग्रहांच्या गुरुत्व-मापनावरून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात राजस्थान, पंजाब व हरियाणा (दिल्लीसह) येथील भूजलात 109 घन किलोमीटरची घट दाखविली. तथापि, या मापनाची नजर स्थूल. एखाद्या विकासगटाचे चित्र त्यातून उमटत नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. नोंदींचे हे दुर्भिक्ष निसर्गनिर्मित नाही. पंजाबात 1997 मध्ये शेतीपंपांना मोफत वीज सुरू झाली. ज्या विजेचे देयकच नाही, तिच्यासाठी प्रत्येक पंपावर मीटर बसविण्याची निकड कोणास वाटणार? उपशाला मर्यादा घालणारी किंमत आणि उपसा सांगणारी नोंद, दोन्ही एकदमच गेल्या. (हाच प्रश्न गहू-भाताच्या हमीभावाने होणाऱ्या खरेदीशीही निगडित आहे, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय.) 2009 च्या कायद्याने भाताची लावणी 10 जूनपूर्वी करण्यास मनाई केली, त्याचा रोख कडक उन्हाळ्यातील बाष्पीभवन टाळण्यावर होता, परंतु उपशाचे मोजमाप त्यातून होणार नव्हते. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ योजनेची दिशा निराळी. शेतकऱ्याने स्वेच्छेने मीटर बसवावा आणि ठरलेल्या मर्यादेतून वाचविलेल्या प्रत्येक युनिटमागे 4 रुपये मिळवावेत. अशा मीटरशेजारी पाणीपातळीचीही नोंद ठेवली, तर एका युनिटमागे त्या शिवारात प्रत्यक्षात किती पाणी वर येते, याचा अंदाज पुस्तकी कार्यक्षमतेऐवजी शेतावरच तपासता येईल.