मोकळ्या हवेवरचा हक्क : जॉर्ज लॅन्सबरी यांचे स्मरण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

समाजवादी चळवळीचा इतिहास सांगताना आपण सहसा सिद्धान्त, संप आणि तुरुंगवास यांचा हिशेब मांडतो. ज्यांनी तो इतिहास घडविला ती माणसे घरी कशी वागत, कशावर श्रद्धा ठेवीत, कशात रमत, हे प्रश्न खाजगी म्हणून आपण बाजूला सारतो. ब्रिटिश मजूर पक्षाचे एके काळचे नेते जॉर्ज लॅन्सबरी यांच्या बाबतीत तसे करता येत नाही. त्यांचे घर, त्यांचा धर्म आणि मोकळ्या आकाशाची त्यांची ओढ ही त्यांच्या राजकारणाचीच मुळे होती.

१८५९ साली सफोक परगण्यात एका रेल्वे कामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८८० मध्ये बेसी ब्राइन यांच्याशी विवाह झाला. सुखी जीवनाच्या जाहिरातींवर विश्वास ठेवून १८८४ मध्ये हे जोडपे मुलांसह ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथली बेकारी व हाल सोसून वर्षभरात परतले. गरिबांना परदेशी धाडणाऱ्यांच्या थापा उघड करणे हे लॅन्सबरींचे पहिले सार्वजनिक कार्य होय. पुढे पूर्व लंडनच्या बो भागात, सासऱ्यांच्या लाकूड कारखान्यात काम करीत त्यांनी संसार केला. बारा अपत्यांचा तो संसार! पुढारी झाल्यावरही त्यांनी कामगारवस्ती सोडली नाही. बो रोडवरच्या त्यांच्या घरी कोणीही गाऱ्हाणे घेऊन यावे, अशी त्या घराची ख्याती होती.

हे कुटुंब लढ्यातही बरोबर होते. १९२१ साली पॉपलर नगरपालिकेने लंडन काउंटी कौन्सिलसाठी कर गोळा करून देण्याचे नाकारले. त्यामागचा प्रश्न साधा होता. प्रत्येक विभागाने आपापल्या गरिबांना पोसावे असा नियम असल्यामुळे, जिथे बेकार अधिक तिथे कर अधिक आणि जिथे श्रीमंत अधिक तिथे कर कमी, असा उलटा न्याय चालू होता. तीस नगरसेवक तुरुंगात गेले. त्यांत लॅन्सबरींबरोबर त्यांचा मुलगा एडगर आणि सून मिनी हीही होती. सहा आठवड्यांनी त्यांची सुटका झाली आणि गरिबांच्या मदतीचा भार साऱ्या लंडनवर वाटणारा कायदा सरकारला करावा लागला. पण मिनी १९२२ च्या पहिल्याच दिवशी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने गेली. विजयाची ही किंमत त्या घराने मोजली.

लॅन्सबरी श्रद्धाळू ख्रिस्ती होते. मधली काही वर्षे ते चर्चपासून दुरावले होते. परतले ते अधिक दृढ होऊन. माणसे एकमेकांची भावंडे आहेत हे प्रार्थनेत म्हणायचे आणि बाजारात विसरायचे, हा दुटप्पीपणा त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या समाजवादाचा उगम या अस्वस्थतेत आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१२ मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढविली आणि ते हरले. त्यामागे हाच आग्रह होता.

आता त्यांच्या मोकळ्या हवेच्या ओढीविषयी. पूर्व लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्यांत राहणाऱ्या माणसाला झाड, पाणी आणि ऊन यांचे मोल कळते. बेकारांना वर्कहाउसच्या भिंतींआड कोंडण्याऐवजी जमीन कसू द्यावी, या विचाराने १९०४ मध्ये एसेक्समधील लेनडन येथे शेतवसाहत सुरू झाली, त्यात लॅन्सबरी अग्रभागी होते. १९२९ मध्ये ते मजूर मंत्रिमंडळात बांधकाम खात्याचे प्रमुख झाले. शाही उद्याने या खात्याकडे होती. दुय्यम समजल्या जाणाऱ्या या खात्याचे त्यांनी सोने केले. हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तलावाच्या काठी स्त्रीपुरुषांना एकत्र पोहता येईल अशी सोय त्यांनी १९३० साली केली. सनातन्यांनी नाके मुरडली, पण लोकांनी त्या जागेला ‘लॅन्सबरींचा लिडो’ असेच नाव दिले. ती आजही आहे.

याकडे किरकोळ सुधारणा म्हणून पाहू नका. धनिकाला स्वतःची बाग असते, थंड हवेच्या ठिकाणी बंगला असतो. गरिबाची बाग म्हणजे सार्वजनिक बाग. ती हिरावली की त्याला अंगणच उरत नाही. भाकरीबरोबर विसावाही समान वाटला गेला पाहिजे, हा यातला समाजवादी विचार आहे.

आपल्या देशाशीही त्यांचे नाते होते. ॲनी बेझंट यांच्या प्रयत्नांतून तयार झालेले ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया’ विधेयक १९२५ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यांनीच मांडले. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी राजवाडी हॉटेलात न उतरता बो भागातल्या किंग्जली हॉलमध्ये राहिले, ती लॅन्सबरींचीच वस्ती.

स्मरण करताना स्तुतीवर थांबणे बरे नव्हे. १९३१ च्या निवडणुकीत पक्षाची वाताहत झाली, तेव्हा मंत्रिमंडळातील नेत्यांपैकी मजूर पक्षाचे म्हणून एकटे लॅन्सबरी निवडून आले आणि पुढे पक्षनेते झाले. पण मुसोलिनीने ॲबिसीनियावर चाल केली तेव्हा अहिंसेची त्यांची निष्ठा आणि आक्रमणाला रोखण्याचे पक्षाचे धोरण यांचा मेळ बसेना. १९३५ च्या ब्रायटन अधिवेशनात अर्नेस्ट बेव्हिन यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. लॅन्सबरींनी नेतेपद सोडले. १९३७ मध्ये ते हिटलरला आणि मुसोलिनीला भेटले व युद्ध टळेल अशी आशा घेऊन परतले. ती आशा भोळी होती. सज्जनाची श्रद्धा दुर्जनाच्या हिशेबात बसत नाही, हे त्यांना उमगले नाही. बेव्हिन यांची भाषा निर्दय होती, परंतु फॅसिझमविषयीचे त्यांचे निदान बरोबर होते. तरीही पद टिकविण्यासाठी श्रद्धेला मुरड घालावी, असे लॅन्सबरींना वाटले नाही, हेही तितकेच खरे. चूक ठरलेल्या मतापायी खुर्ची सोडणारा आणि खुर्चीपायी बरोबर मत सोडणारा, यांतला फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे.

७ मे १९४० रोजी ते गेले. इंग्लंडवर त्यांचे निस्सीम प्रेम होते. पण ते सर्व जगाचे नागरिक होते, म्हणून त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा समुद्रात विसर्जित करण्यात आली.

मित्रहो, अशा माणसाला हार घालून आपले काम संपत नाही. आपल्या शहरातील खेळाच्या मैदानाचे आरक्षण उठविण्याचा ठराव नगरपालिकेच्या सभेपुढे येईल, तेव्हा तो क्षुल्लक विषय समजून आपल्या प्रतिनिधीने गैरहजर राहू नये. तिथे उभे राहून विरोध नोंदवावा आणि बाहेर वस्तीतल्या मुलाबाळांना घेऊन आपण उभे असावे.