शंभर दिनारांचे ऋण

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात पेत्र येशूला विचारतो, अपराधी बंधूला सात वेळा क्षमा केली म्हणजे पुरे ना? उत्तरादाखल येशू एक कथा सांगतो. राजाच्या एका सेवकाकडे दहा हजार टॅलंटांचे देणे थकलेले असते. एक दिनार ही तेव्हाच्या मजुराची दिवसाची मजुरी आणि टॅलंटाचे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे हे ६ कोटी दिवसांचे श्रम झाले! सेवक केवळ मुदत मागतो. राजाला कळवळा येतो आणि तो सारे ऋणच सोडून देतो. बाहेर पडताच मात्र हा गृहस्थ शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपल्याच शब्दांत मुदत मागणाऱ्या त्या बिचाऱ्याला तुरुंगात टाकतो.

श्रोतेहो, हे शंभर दिनार क्षुल्लक होते असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. तीन महिन्यांची मजुरी बुडाल्यावर कोणत्या श्रमिकाची चूल पेटेल? खरी झळ पोहोचलेल्या माणसाकडूनच येथे क्षमेची अपेक्षा आहे. मग सेवकाने ती का केली नाही? मला वाटते, आपले ऋण खरोखरच माफ झाले यावर त्याचा विश्वास बसला नसावा. राजाची रक्कम तो अजून गोळाच करीत होता.