क्षीण संदेश आणि खरखर
(शिक्षक संमेलनातील भाषण)



रेडिओवर दूरचे केंद्र शोधताना ऐकू येणारी खरखर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आकाशातील विजा, मोटारीतील ठिणग्या, इतकेच नव्हे तर खुद्द यंत्रातील इलेक्ट्रॉनांची अस्ताव्यस्त हालचाल यांतून ती उद्भवते. आवाज वाढविला तर संदेशाबरोबर खरखरही वाढते. मग तिच्याहून क्षीण संदेश ओळखावा कसा?

१९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीस रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक लहानशी, वेडीवाकडी खूण दिसली. एकदाच दिसती तर ती सोडून देणे वावगे ठरले नसते. परंतु आकाशाच्या त्याच भागाकडून ती पुन्हा येते, हे त्यांच्या ध्यानी आले. बारकाईने नोंद घेता दर १.३४ सेकंदांनी पडणारे ठोके आढळले. पहिला स्पंदक तारा असा सापडला.

यातील मर्म पुनरावृत्तीत आहे. असे शंभर ठोके एकावर एक ठेवून बेरीज केली, तर संदेश शंभरपट होतो. खरखर मात्र सुमारे दहापटच वाढते, कारण तिचे चढउतार परस्परांना बव्हंशी खोडून काढतात. आपल्या पुणे जिल्ह्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आहेत. तेथेही स्पंदकांच्या अभ्यासात हेच तत्त्व उपयोगी पडते.

हे वर्गात एका नाण्याने दाखविता येईल. प्रत्येक मुलाने पाटीवर आठ घरे आखावीत. प्रत्येक घरासाठी नाणे उडवावे. छापा पडल्यास १, काटा पडल्यास ० लिहावे. पाचव्या घरासाठी मात्र ते दोनदा उडवावे आणि एकदा जरी छापा पडला तरी १ लिहावा. एका पाटीवरून काहीच उमगणार नाही. चाळीस पाट्यांची घरवार बेरीज करा. इतर घरांत ती विसाच्या आसपास येईल, पाचव्या घरात तिसाच्या.

शेवटी एक कबुली देतो. वर्गशिक्षक असताना मी एका मंद आवाजाच्या मुलास एकदाच प्रश्न विचारला. गलक्यात उत्तर ऐकू आले नाही. मी ‘अभ्यासात कच्चा’ असा शेरा लिहून मोकळा झालो. वर्षअखेरीस त्याची वही चाळली, तेव्हा सारी उदाहरणे बरोबर होती. कच्चा मुलगा नव्हता. माझे ऐकणे कच्चे होते. म्हणून विनंती एवढीच, की शेरा लिहिण्यापूर्वी त्याच मुलास निरनिराळ्या दिवशी पुन्हा पुन्हा विचारावे.