क्षय आणि मधुमेह : दोन व्याधी, एक रुग्ण



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने व्याधींवर बोलावे, याचे आपल्याला आश्चर्य वाटेल. कारण घरचेच आहे. माझे थोरले बंधू मधुमेही होते. तीन महिने ते खोकत होते, वजन उतरत होते. ‘साखरेने माणूस रोडावतोच’, अशी आम्ही सुशिक्षितांनी स्वतःची समजूत घातली. क्षयाचे निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता. आणि त्यानंतरही शेजाऱ्यांना आम्ही ‘दमा’ असेच सांगत राहिलो.

शब्दांचाही यात दोष आहे. ‘क्षय’ म्हणजे झिजणे. शब्द उच्चारताच धीर खचतो. चंद्राला जडला म्हणून तो ‘राजयक्ष्मा’, अशी कथा आयुर्वेदात येते. पण त्या कथेतला चंद्र पुन्हा वाढतोही, हे आपण विसरतो. याउलट ‘मधुमेह’ हा शब्द गोड, म्हणून आपण बेसावध राहतो.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध १८८२ साली जाहीर केला; मधुमेही रुग्णाला इन्शुलिन प्रथम १९२२ साली मिळाले. दोन्ही व्याधी आज आटोक्यात ठेवता येतात. परंतु त्या एकमेकींना साहाय्य करतात. मधुमेहाने शरीराची प्रतिकारशक्ती उणावते आणि क्षय होण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. उलट क्षयाच्या ज्वरात रक्तातील साखर चढते. साखर अनियंत्रित राहिली, तर क्षय उलटण्याचा व मृत्यूचा धोकाही वाढतो. शिवाय रिफाम्पिसिन हे क्षयावरील प्रमुख औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव कमी करते. म्हणून एका वैद्याने दिलेली औषधे दुसऱ्या वैद्याला दाखविलीच पाहिजेत.

हा विषय गोव्याला परका नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. प्रत्येक क्षयरुग्णाची साखर तपासावी आणि प्रत्येक मधुमेह्याला खोकला, ताप, वजनातील घट यांविषयी विचारावे, असे केंद्र शासनाचे धोरण २०१७ सालीच ठरले आहे.

घरच्यांची खरी कसोटी ताटावर लागते. क्षयरुग्णाला ‘भरपूर खा’ आणि मधुमेह्याला ‘जपून खा’ असे सांगितले जाते. एकाच माणसाने काय करावे? आम्ही बंधूंना भीतीपोटी पेजेवरच ठेवले, ही आमची दुसरी चूक. उपाशी ठेवणे हा पथ्याचा अर्थ नव्हे. मासळी, अंडी, मूग, चवळी, पालेभाजी यांनी ताट भरावे, भात व पेज बेताने द्यावी, आणि साखर चढली तर अन्न तोडण्याऐवजी डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वर्गात न समजलेले विचारायला सांगत. तेरेखोलच्या फेरीबोटीत शेजारी बसलेला मधुमेही दोन आठवडे खोकत असेल, तर त्याला संकोच न धरता विचारा : थुंकी तपासलीत का? ही तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळतात. साधारण सहा महिन्यांचा उपचार मात्र, बरे वाटू लागले तरी, मध्येच सोडू नये.

हा प्रश्न मी माझ्या बंधूंना वेळेवर विचारला नाही. आपण विचारावा, एवढीच विनंती करून आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.