पोटमाळ्याची शिडी घरीच बनवा



बियाण्याच्या साठवणुकीवर बोलताना आम्ही विद्यापीठाची माणसे ओलावा सांगतो, कडुनिंबाचा पाला सांगतो, पोत्याखाली फळ्या टाका म्हणून सांगतो. पोटमाळ्यावर चढायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. आज तेवढेच सांगणार आहे. सस्यविद्येच्या माणसाने सुतारकामावर का बोलावे, असे काही जणांना वाटेल. त्याचे कारण ऐका.

पोटमाळा ही घरातली सर्वांत कोरडी जागा. हरभरा, तूर, मुगाचे बियाणे, भुईमुगाच्या शेंगा, लसणाच्या जुड्या, हळद, सारे तिथेच जाते. डाळवर्गीय बियाणे ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून वर ठेवले, तरी तिथे भुंगेरा पोहोचतोच. त्याची मादी दाण्यावर पांढरी, टाचणीच्या टोकाएवढी अंडी चिकटवते आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात पुढची पिढी तयार होते. म्हणून दर पंधरा दिवसांनी वर जाऊन मूठभर दाणे पाहिले पाहिजेत. प्रत्यक्षात पाहतो कोण? शिडी डुगडुगत असेल, तर आज जाऊ, उद्या जाऊ असे करत मृग उजाडतो आणि पोते उघडले की दाण्यांना भोके आणि तळाला पीठ. अशी बियाणी मी दरवर्षी पाहतो.

दुसरे कारण याहून मोठे आहे. माळ्यावर बहुतेक वेळा घरातली बाईच चढते. एका हाताने लुगड्याचा ओचा सावरायचा, दुसऱ्या हातात टोपली, म्हणजे शिडी धरायला हात उरतच नाही. प्रशिक्षण वर्गाला आलेल्या एका ताईंचे मनगट शिडीची पायरी निसटून मोडले होते. ऐन खुरपणीच्या हंगामात दीड महिना हात प्लास्टरमध्ये. पायरी दोन चुकांवर बसवलेली होती, आणि एक चूक गंजून तुटली होती. मोडलेली शिडी घरच्यांनी मला दाखवली. पायरीचे लाकूड धडधाकट होते!

आपल्याकडच्या घरगुती शिडीचा खरा दोष हाच आहे. दोन वासे घ्यायचे आणि त्यांच्या पुढच्या बाजूवर आडव्या पट्ट्या चुकांनी ठोकायच्या. मग माणसाचे सगळे वजन चुकांवर येते. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, चूक हळूहळू सैल होते, आतल्या आत गंजते, आणि हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. पायरीचे वजन लाकडाने लाकडावर पेलले पाहिजे. त्यासाठी दांड्यात खाच पाडून पायरी त्या खाचेत बसवायची. स्क्रू किंवा चूक पायरी जागेवर ठेवण्यापुरतीच.

दुसरा दोष उतरणीचा. घरात जागा कमी, म्हणून शिडी जवळजवळ उभीच लावली जाते. त्याने जागा वाचते, पण चढणाऱ्याचे वजन मागे पडते आणि शिडीसकट तो पाठीवर येतो. फारच तिरकी लावली, तर तळ घसरतो. उंचीच्या एक तृतीयांश अंतरावर तळ ठेवला, की हातात थोडे सामान असतानाही चढता येते. बाहेरच्या साध्या शिडीला एक चतुर्थांश अंतर चालते. घरात रोज वापरायच्या, रुंद पायरीच्या शिडीला मात्र मी एक तृतीयांशच सांगेन.

आता मापे घेऊ. जमिनीपासून माळ्याच्या फळीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत उंची मोजावी. उदाहरणासाठी ती साडेसात फूट, म्हणजे ९० इंच धरू. शिडीचा तळ भिंतीकडून नव्हे, तर माळ्याच्या कडेच्या ओळंब्यापासून ३० इंच पुढे येईल. कडेपासून त्या खुणेपर्यंत दोरी ताणून मोजली, तर ९५ इंच भरते. या उंचीचे ९ समान भाग केले, की प्रत्येक चढ १० इंचांचा होतो. पायऱ्या ८ लागतील, नववी पायरी म्हणजे खुद्द माळा. दांड्याच्या तिरक्या कडेवर दोन पायऱ्यांमधले अंतर साडेदहा इंचांहून किंचित जास्त येते. तुमच्या माळ्याची उंची वेगळी असेल, तर चढ ९ ते ११ इंचांच्या दरम्यान येईल असे भाग करावेत. सगळे चढ सारखे आलेच पाहिजेत. अंधारात उतरताना पाय मोजमाप लक्षात ठेवून पडतो. एकच पायरी दोन इंच खाली-वर असली, तरी तिथे ठेच लागते.

दोन दांडे प्रत्येकी साडेआठ फूट लांब, ४ इंच रुंद आणि दीड इंच जाड घ्यावेत. माळ्याच्या कडेवर ते सहा-सात इंच उरतील. पायरीची फळी ४ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड असावी. दोन दांड्यांमध्ये आतून १५ इंच अंतर आणि दोन्हीकडे खाचेत अर्धा अर्धा इंच, म्हणजे प्रत्येक पायरी १६ इंचांची झाली. आठ पायऱ्यांना करवतीची तूट धरून ११ फूट फळी पुरते. एकूण लाकूड एक घनफुटाहून थोडे जास्त लागते. काटकसर म्हणून पाऊण इंची फळी वापरू नये. फळीची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पाऊण इंचीपेक्षा सव्वा इंची फळी पावणेतीन पट वजन पेलते. लाकूड दुप्पटही लागत नाही, ताकद मात्र जवळजवळ तिप्पट!

लाकूड कोणते वापरावे? खर्च वाचवायचा, तर आधी स्वतःचे घर धुंडाळा. जुन्या घराचे सागवानी वासे किंवा दाराच्या चौकटी पडून असतात. ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते, आता वाकणार नाही, आकसणारही नाही. फक्त हातोडीने ठोकून पाहावे. भद्द आवाज आला, तर आत वाळवीने पोकळ केले आहे असे समजावे. दाभण जिथे सहज घुसते तो भाग कापून टाकावा, आणि करवत लावण्यापूर्वी जुने खिळे सगळे काढावेत. विकत घेताना सागाचा तपकिरी गाभा घ्यावा. कडेच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो. बाभूळ चांगली मजबूत, पण जड. ओंडके काही महिने पाण्यात ठेवून मग सावलीत वाळवण्याची जुनी पद्धत योग्यच आहे, त्याने लाकडातले पिष्ट निघून जाते आणि कीड कमी लागते. निलगिरी वाळताना पिळते आणि चिरते, म्हणून दांड्यांना नको. आंब्याच्या फळ्या खोक्यांना ठीक. दांड्याच्या कडेवर गाठ नसावी, आणि लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात.

ओले लाकूड वापरले, तर पुढे खाच सैल होते. वाळले की नाही हे ओळखायला त्याच लाकडाचा एक तुकडा तराजूत दर आठवड्याला तोलावा. वजन घटायचे थांबले, की काम सुरू करावे.

बांधावरचा साग तोडायचा विचार असेल, तर एक सूचना. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे साग, आंबा, फणस, चिंच वगैरे झाडे स्वतःच्या मालकीची असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. एका शिडीसाठी तो खटाटोप करू नये.

आता खाचांची आखणी. सुतार नसलेला माणूस इथेच अडतो, म्हणून जरा सावकाश पाहा. जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापावा. एक बाजू ९ इंच, दुसरी ३ इंच. त्याची लांब तिरकी बाजू दांड्याच्या कडेला टेकवली, की ३ इंची बाजूची रेघ हीच पायरीची रेघ होय. शिडी तिरकी उभी केल्यावर ती रेघ जमिनीला समांतर येते. दांड्याचे तळही याच रेघेने कापावे, म्हणजे शिडी टोकावर न राहता पूर्ण तळावर बसेल. मग तळापासून कडेकडेने साडेदहा इंचांवर पहिली खूण. पण पुढची प्रत्येक खूण मागच्या खुणेवरून मोजू नये. चूक साठत जाते. ९५ इंचांचे नऊ भाग पडतील अशा सर्व खुणा तळापासूनच टेपने कराव्यात. ही खूण पायरीच्या वरच्या पृष्ठभागाची, खाच तिच्या खाली येईल.

दोन्ही दांडे सारखेच आखले, तर एकाच्या खाचा उलट्या दिशेला जातात आणि लाकूड वाया जाते. म्हणून दोन्ही दांडे उघड्या पुस्तकासारखे शेजारी शेजारी, आतल्या बाजू वर करून ठेवावेत आणि एकदमच आखावेत. डाव्या-उजव्या रेघा मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण दिसली, की आखणी बरोबर.

खाचेची रुंदी फळीच्या खऱ्या जाडीवरून घ्यावी, कारण रंधा मारलेली सव्वा इंची फळी सव्वा इंच राहत नाही. फळीच दांड्यावर उभी धरून रेघा माराव्यात. दोन्ही रेघांच्या आतल्या अंगाने करवतीने अर्धा इंच खोल काप घ्यावा आणि मधले लाकूड पटाशीने काढावे. अर्ध्या इंचाहून खोल जाऊ नये. दांडा दीड इंचांचा आहे, त्याचा एक तृतीयांशच कापायचा. पायरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने आत गेली पाहिजे. हाताने सहज सरकली, तर खाच मोठी झाली असे समजावे.

जोडताना पायरीच्या प्रत्येक टोकाला बाहेरून अडीच इंची दोन स्क्रू, म्हणजे एकूण ३२ लागतात. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, नाहीतर फळी चिरते. हे स्क्रू फळीच्या टोकात, लाकडाच्या रेषांच्या दिशेने जातात, तिथे त्यांची पकड कमी असते. दांडे एकमेकांपासून फाकू नयेत यासाठी दुसरी योजना लागते. खालच्या, मधल्या आणि वरच्या पायरीच्या लगेच खाली दोन्ही दांड्यांना आरपार भोक पाडून १० मिलिमीटरची, आटे पाडलेली २० इंची सळई घालावी आणि दोन्हीकडे वायसर लावून नट आवळावेत. तीन सळया, सहा नट, सहा वायसर. विकत आणायच्या सगळ्या सामानात ही सर्वांत उपयोगी खरेदी आहे. पुढे लाकूड आकसले, तरी नट पुन्हा आवळता येतात. चुकांच्या शिडीला ही सोय नाही.

सागाची अशी शिडी साधारण २० किलो भरते. दोन माणसे सहज उचलतात.

तळाला जुन्या टायरचा तुकडा खिळावा. शहाबादी फरशीवर तर तो हवाच. मातीची जमीन असेल, तर तळाखाली दोन सपाट दगड बसवावेत, नाहीतर वाळवी थेट दांड्यात चढते. वरच्या बाजूला लोहाराकडून दोन हुक करून घ्यावेत आणि माळ्याच्या तुळईला बसवलेल्या गजात अडकवावेत. माळ्याच्या कडेला, शिडीशेजारी, ३ फूट उंचीचा एक मजबूत खुंट किंवा पाइप तुळईला पक्का करावा. शिडीवरून माळ्यावर पाऊल टाकण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो, आणि नेमके तेव्हाच धरायला काही नसते. माझ्या मते शिडीइतकाच हा खुंट महत्त्वाचा आहे.

दांड्यांना जवसाचे तेल चोळावे, रंग देऊ नये. रंग दिसायला छान, पण त्याखालची चीर दिसत नाही. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला तेलही नको, पाय घसरतो. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आणि आपल्या घरात शेजारीच कडबा असतो. त्या दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

वापरण्याआधी शिडी जागेवर लावून मधल्या पायरीला दोरीने वाळूची ५० किलोंची दोन पोती टांगावीत आणि रात्रभर ठेवावीत. खाली कोणी, विशेषतः मुले, थांबू नयेत. सकाळी खाचा आणि पायऱ्या उजेडात पाहाव्यात. कुठे चीर पडली असेल, तर ती पायरी बदलावी. पट्टी ठोकून वेळ मारून नेऊ नये.

एवढी भक्कम शिडी झाली, तरी ५० किलोंचे पोते डोक्यावर घेऊन तिच्यावर चढू नये. तुळईला विहिरीवरची कप्पी बांधावी, खालून एकाने दोर ओढावा आणि वरच्याने पोते आत घ्यावे. चढताना आणि उतरताना तोंड शिडीकडेच असावे, दोन्ही हात दांड्यांवर. टोपली असेल, तर तीही दोरीने वर ओढून घ्यावी. ताईंनो, हे तुम्हाला सांगण्यापेक्षा घरच्या पुरुषांना सांगितले पाहिजे, कारण कप्पी बांधून द्यायचे काम त्यांचे आहे.

बांबूची शिडी का नको, असे मला नेहमी विचारतात. फळबागेत ती उत्तम, हलकी असते. तीन-चार वर्षांचा पक्व बांबू घ्यावा आणि प्रत्येक भोकाच्या वर-खाली तारेने आवळावे, कारण बांबू भोकापासून उभा चिरतो. पण रोज अनवाणी चढणाऱ्याला गोल पायरी तळव्यात रुतते, आणि पावसाळी दिवसांत ती निसरडी होते. माळ्याला सपाट पायरीच बरी.

शिडी काढून ठेवायची असेल, तर भिंतीवर तीन खुंट्या ठोकून आडवी टांगावी, गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकवू नये. नट आवळण्याचे काम वर्षातून दोनदा करावे, एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्यात, खरिपाचे बियाणे खाली काढण्यापूर्वी. त्याच वेळी वर जाऊन पोत्यातले मूठभर दाणेही पाहून यावेत.